बहिष्कृत घराची पंगत : बाया कर्वे यांचे स्मरण



स्मृतिव्याख्यान म्हटले की आपण बहुधा संस्थापक, नेते, ग्रंथकार यांच्याकडे वळतो. त्यांच्या नावाचे रस्ते असतात, त्यांची पत्रे जपलेली असतात, त्यांच्या कामाची साल-महिन्यांसह नोंद झालेली असते. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचे आडनाव पुण्यात रोज लाखो लोकांच्या तोंडी येते, कारण एक मोठा रस्ता त्यांच्या पतीच्या नावाचा आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे आपल्या सर्वांच्या बाया कर्वे. महर्षींनी विधवांसाठी आश्रम काढला, स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, 1958 साली ते भारतरत्न झाले, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. बायांविषयी विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते : त्याग. आज मला या शब्दाशीच वाद घालायचा आहे. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो अपुरा आहे आणि त्याने फार गोष्टी झाकल्या जातात. बाया या कर्त्या स्त्री होत्या. त्यांचे घर हा त्यांनी चालवलेला उद्योग होता, आणि महर्षींच्या संस्थांचे पहिले भांडवल मोजायचे असेल तर त्या घराची किंमत त्यात धरली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगतो, कारण तो पुढच्या युक्तिवादाला लागणार आहे. बाया मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या जोशी घराण्यातल्या गोदूबाई. आठ-नऊ वर्षांच्या असताना नातू घराण्यात लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढची कितीतरी वर्षे सासरी कष्टात गेली. केशवपन झाले. त्यांचे भाऊ नरहरपंत हे धोंडोपंत कर्व्यांचे स्नेही. भावाच्या आधाराने गोदूबाई मुंबईला आल्या. 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. पुढे सदन पुण्याला हलले. बरोबर चार वर्षांनी, 11 मार्च 1893 रोजी, पुण्यात त्यांचा पुनर्विवाह झाला तो धोंडोपंतांशी. धोंडोपंतांची पहिली पत्नी राधाबाई 1891 साली वारली होती आणि त्यांचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे र. धों. कर्वे ते हेच. बायांना पुढे शंकर, भास्कर आणि दिनकर अशी मुले झाली. 1944 साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि 1950 साली त्या गेल्या.

आता मुद्द्याकडे येतो. 1893 साली पुण्यात पुनर्विवाह करणे म्हणजे नेमके काय ओढवून घेणे होते? कायद्याने पुनर्विवाहाला मुभा मिळून सदतीस वर्षे झाली होती. 1856 चा विधवाविवाहाचा कायदा झालेला होता. पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता, आणि समाजाची शिक्षा तर कायद्याच्या पलीकडची होती. ही शिक्षा अमलात कशी येत असे? तुरुंग नव्हता, दंड नव्हता. ती पंगतीतून अमलात येत असे. अमक्याच्या घरी जेवायचे नाही, अमक्याला जेवायला बोलवायचे नाही, अमक्याच्या घरचे पाणी घ्यायचे नाही. बहिष्काराचे सारे यंत्र ताटावर आणि पाण्याच्या भांड्यावर चालत होते. याच पुण्यात, या विवाहाच्या जेमतेम अडीच वर्षे आधी, ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळराव गोखले होते. चहाच्या त्या पेल्यावरून चौकशी बसली, वाद पेटले आणि रानडे-टिळकांसारख्या माणसांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. विचार करा, श्रोतेहो. एका पेल्याने जिथे रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागते, तिथे पुनर्विवाह केलेल्या विधवेने चूल मांडायची आणि त्या चुलीवरचे अन्न दुसऱ्यांच्या मुलांना वाढायचे, याचा अर्थ काय होतो?

मुरुडला, म्हणजे महर्षींच्या गावी, काय झाले ते सर्वज्ञात आहे. गावाने कर्वे कुटुंबाविषयी बहिष्काराचा ठराव केला. ज्या गावासाठी धोंडोपंतांनी मुरुड फंड उभा केला होता, त्या गावात नवरा-बायको आले तर आपल्याच आईच्या, भावाच्या घरी मिसळून राहणे अशक्य झाले, कारण त्यांना जवळ केले तर तीच शिक्षा घरच्यांना. या प्रसंगाचे वर्णन करताना आपण महर्षींच्या धैर्याबद्दल बोलतो आणि ते योग्यच आहे. पण बहिष्कृत पुरुषाला कॉलेज असते, सहकारी असतात, गणिताचा तास असतो. दिवसातले आठ तास तो बहिष्काराच्या बाहेर असू शकतो. बहिष्कृत गृहिणीचा सारा दिवस बहिष्काराच्या आत जातो. दारावर कोण येत नाही, बाळंतपणात कोण मदतीला येत नाही, हळदीकुंकवाला कोण बोलवत नाही, हे तिला रोज मोजावे लागते. म्हणून ज्या घराला गावाने वाळीत टाकले त्या घराने इतरांसाठी दार उघडे ठेवणे हा मला साधा चांगुलपणा वाटत नाही. ज्या हत्याराने समाजाने वार केला तेच हत्यार, म्हणजे अन्न आणि पंगत, बायांनी उलट दिशेने वापरले. बहिष्कार माणसांना पंगतीतून उठवतो. त्यांनी माणसे पंगतीला बसवली.

आणि कोणाला बसवले? शिकायला आलेली मुले, विधवा मुली, आप्तांमधल्या निराधार स्त्रिया. आश्रम उभा राहण्याआधी, आणि आश्रम नुकता उभा राहत असताना, विधवा मुलींच्या शिक्षणाची पहिली व्यवस्था कर्व्यांच्या घरात झाली. सर्वांत मोठे उदाहरण बायांच्या धाकट्या बहिणीचे आहे. पार्वतीबाई आठवले विशीच्या आसपास विधवा झाल्या, पदरी एक मुलगा, अक्षरओळख जवळपास नाही. त्या पुण्याला बहिणीच्या घरी आल्या आणि शिकल्या. या पार्वतीबाई पुढे हिंगण्याच्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या, 1918 साली अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन पुन्हा त्याच कामाला लागल्या. पार्वतीबाई संस्थेला कोणी दिल्या, असा प्रश्न विचारला तर आपण सहज म्हणतो, महर्षींनी. त्यांच्या शिक्षणाची दिशा महर्षींनी ठरवली हे खरेच. पण निरक्षर विधवेला, तिच्या मुलासकट, घरात ठेवून घेणे, तिचा वेळ मोकळा करणे, तिने पाटी घेऊन बसावे म्हणून तिच्या वाटणीचे काम दुसऱ्या कुणीतरी करणे, हे ज्या घरात घडले त्या घराची मालकीण कोण होती? प्रौढ बाई शिकायला बसली की घरातली कामे अंग चोरत नाहीत. ती कुणाच्या तरी अंगावर पडतात.

या घराचा जमाखर्च कसा असेल ते पाहू. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला त्या काळी महिना 75 रुपये मिळत. सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजमधल्या त्या मंडळींनी कमी पगार हे व्रत म्हणून स्वीकारले होते. धोंडोपंत त्यांतलेच. त्या 75 रुपयांतून ते स्वतःच्या ध्येयांसाठी आधी पैसे बाजूला काढीत. 1896 साली अनाथ बालिकाश्रम मंडळाची स्थापना झाली, तेव्हा साठवलेली पुंजी त्यांनी आश्रमाला दिली. पुढे आपली आयुर्विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. आयुर्विमा म्हणजे पतीच्या मागे पत्नी-मुलांना राहणारा एकमेव आधार, आणि तोही अशा पत्नीचा की जिला माहेर-सासरचे दार सहज उघडणारे नाही. बायांनी यावर नाराजी दाखवली, वाद घातला. चरित्रकारांनी हा प्रसंग दोन प्रकारे सांगितला आहे. काही तो महर्षींच्या निःस्वार्थीपणाचा पुरावा म्हणून सांगतात, काही बायांच्या सोसण्याचा पुरावा म्हणून. मला त्यात तिसरी गोष्ट दिसते. त्या घरात हिशेब जाणणारी एक व्यक्ती होती आणि तिने हिशेब मागितला. ज्याला पैशाची किंमत ठाऊक नाही तो भांडत नाही. बाया भांडल्या, कारण पोटाला घालायची माणसे किती आणि हाताशी रक्कम किती याचा ताळा रोज त्यांनाच जुळवायचा होता. आपण या भांडणाकडे संसारातली कुरबुर म्हणून पाहतो. एका अर्थाने ते दोन चालकांमधले मतभेद होते. एक चालक संस्थेचा, दुसरी चालक त्या संस्थेला पोसणाऱ्या घराची.

उद्योगी हे विशेषण मी बायांना उगीच लावीत नाही. लग्नानंतर, संसार नवा असताना, त्या नागपूरला जाऊन सुईणीचे शास्त्रीय शिक्षण घेऊन आल्या. या निर्णयाचे वजन पाहा. वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत धड शाळा न पाहिलेली बाई तिशीच्या सुमारास आणखी एक विद्या शिकायला घर सोडून जाते. त्या काळी सुईणीचे काम वरच्या जातींत हलके मानले जाई. प्रतिष्ठेच्या दृष्टीने पाहिले तर प्राध्यापकाच्या पत्नीने हे करणे म्हणजे आणखी एक पायरी खाली उतरणे. बायांनी प्रतिष्ठेचा हिशेब आधीच सोडून दिला होता. त्यांनी उपयोगाचा हिशेब केला. या विद्येने चार पैसे मिळतात आणि तिचा उपयोग बायकांना होतो, एवढे त्यांना पुरेसे होते. माझा एक तर्क मांडतो, तर्क म्हणूनच घ्या. ज्या घरांनी त्यांना पंगतीला बोलावले नसते, त्या घरांनाही अडलेल्या वेळी सुईणीसाठी दार उघडावे लागते. बहिष्काराच्या भिंतीत जिथे जिथे गरजेचे दार असते ते ओळखणे हीसुद्धा उद्योजकाची नजर आहे. त्यातच विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था करणे, काटकसरीने घर चालवणे, मुलांना शिकवणे हे सगळे धरा. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, भास्कर हिंगण्याच्या कामात राहिले, दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. या यादीकडे मुलांच्या यशाची यादी म्हणून पाहू नका. 75 रुपयांच्या मिळकतीतून, तीही पूर्ण हाती न येता, हे उभे कसे राहिले, असे विचारा.

आता हिंगण्याकडे येऊ, कारण इथे बायांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण भाग आहे आणि मला त्यावर थोडे रेंगाळायचे आहे. पुण्यात प्लेग आला आणि 1900 साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. कर्वे कॉलेजचे तास संपवून रोज चालत हिंगण्याला जात, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पावसाळ्यातला चिखल, खांद्यावरचे सामान, हे चित्र आपल्या मनात पक्के आहे. पण ते चालत जात असत तेव्हा पुण्यात घर आणि लहान मुले कोणाच्या भरवशावर होती? आणि याहून कठीण प्रश्न : बाया हिंगण्याला का नव्हत्या? उत्तर असे की पुनर्विवाहाची चळवळ आणि विधवांचे शिक्षण ही दोन कामे कर्व्यांनी जाणून वेगळी केली. विधवांना आश्रमात पाठवणाऱ्या पालकांना भीती होती की इथे आपल्या मुलींची लग्ने लावतील. वर्गणीदारांनाही हीच भीती. म्हणून कर्वे पुनर्विवाहाच्या कामापासून बाजूला झाले आणि आश्रम हे केवळ शिक्षणाचे स्थान आहे असे त्यांनी सांगितले. या धोरणात एक अडचण होती आणि ती त्यांच्या घरातच होती. संस्थापकाची स्वतःची पत्नी पुनर्विवाहित होती. त्यामुळे आश्रमाच्या कारभारात बायांना बरीच वर्षे जागा नव्हती. विधवांच्या आश्रमाला विधवेचा पुनर्विवाह चालत नव्हता.

दोघी बहिणी डोळ्यांपुढे आणा. एकाच आईच्या लेकी, दोघी कमी वयात विधवा. एकीने पुनर्विवाह केला, दुसरी विधवा म्हणूनच राहिली. दुसरी व्यासपीठावर उभी राहून आश्रमासाठी वर्गणी मागू शकते आणि लोक विश्वासाने देतात. पहिलीचे नाव घेतले तरी देणाऱ्याचा हात आखडतो. पार्वतीबाईंचे मोठेपण यात तिळमात्र कमी होत नाही. त्यांनी आपली वाट स्वतः निवडली आणि ती फार खडतर होती. पण संस्थेच्या इतिहासात जे नाव पुढे येते आणि जे मागे राहते, त्याला कर्तृत्वापेक्षा हे धोरण अधिक कारणीभूत आहे, एवढे तरी आपण मान्य करायला हवे. बाया मागे राहिल्या त्या कमी पडल्या म्हणून नव्हे. त्यांना मागे ठेवणे ही संस्थेची गरज होती. माझ्या मते त्यांनी संस्थेला दिलेले हे सर्वांत मोठे आणि कुठल्याही वर्गणीच्या यादीत न आलेले योगदान आहे : स्वतःच्या नावाला लागलेला कलंक त्यांनी संस्थेच्या दारापासून दूर ठेवला आणि तो घरात पोसला.

यावर काही आक्षेप येतील. ते गंभीर आहेत आणि त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप असा की हे सगळे गृहकृत्याचे गौरवीकरण आहे. बायकांनी रांधावे, वाढावे, उष्टी काढावीत आणि आपण त्यांना अन्नपूर्णा म्हणावे, हाच तर जुना डाव. मला हा आक्षेप मान्य आहे आणि म्हणूनच मी अन्नपूर्णा हा शब्द वापरलेला नाही. देवता केली की मजुरी द्यावी लागत नाही. माझे म्हणणे उलट आहे. घरकाम पवित्र आहे असे मी म्हणत नाही. ते मोजता येणारे काम आहे, असे म्हणतो. आश्रमात मुलींच्या जेवणाला जो खर्च येतो तो आश्रमाच्या अहवालात लिहिला जातो. त्याच मुली आश्रमाआधी घरात जेवत होत्या, तेव्हा तो खर्च आणि ते श्रम कुठेच लिहिले गेले नाहीत. स्वयंपाकघर तेच, पण पाटी बदलली की तो खर्च ठरतो आणि पाटी नसली की तो प्रेम ठरतो. हा फरक आपण करीत आलो, तो चुकीचा आहे. आणखी एक सांगतो. इरावतीबाई कर्वे, म्हणजे दिनकररावांच्या पत्नी आणि थोर मानववंशशास्त्रज्ञ, यांनी आपल्या सासऱ्यांवर अतिशय आदराने लिहिले आहे. त्याच लेखनात, अशा पुरुषाची सून असणे आणि पत्नी असणे यांत केवढे अंतर आहे, हेही त्यांनी लपवलेले नाही. घरातल्या या विदुषीला ते दिसले होते. आदर आणि हिशेब एकाच मनात राहू शकतात, याचे हे उदाहरण.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. पतीच्या आधाराशिवाय बाया कोण होत्या, असे कोणी विचारेल. महर्षी नसते तर आपण त्यांचे नावही ऐकले नसते. हे खरे आहे. पण याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे आणि ती आपण कधी विचारात घेत नाही. गोदूबाई शारदासदनात आल्या तेव्हा कर्व्यांशी त्यांचा विवाह ठरायचा होता. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव त्यांना विवाहाने मिळालेले नाही. मुंबईला येण्याचे धाडस, वेगळ्या वाटेची शाळा, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या संस्थेत राहून शिकण्याचा लोकापवाद, हे सगळे विवाहाआधीचे. धोंडोपंतांनी एका असहाय विधवेचा उद्धार केला, अशी कथा आपण सांगतो. प्रत्यक्षात त्यांनी अशा स्त्रीशी लग्न केले जी आपल्या आयुष्याचा सर्वांत मोठा निर्णय आधीच घेऊन बसली होती. कर्व्यांना सुधारक होण्याआधी एक सुधारक भेटली, असे म्हटले तर मला ते अतिशयोक्ती वाटत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो बायांवर जितका आहे तितकाच त्या संपूर्ण काळावर आहे. या घराचे दार नेमके कोणासाठी उघडे होते? हिंगण्याचा आश्रम आरंभी ब्राह्मण आणि वरच्या जातींतल्या विधवांचाच होता. कर्व्यांच्या घरातली पंगत हीसुद्धा बव्हंशी त्याच वर्तुळातली. मग तिला इतके मोठेपण का द्यायचे? या आक्षेपाला पळवाट नाही आणि मी ती शोधणारही नाही. वर्तुळ मर्यादित होते. आणि ते ओलांडून दाखवणारे घर पुण्यात आधीच होऊन गेले होते, हेही विसरता येत नाही. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते आपल्याच घरात. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला आणि 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचा अंत झाला. घराला संस्था करण्याची ही रीत पुण्यात सुरू केली ती फुल्यांच्या घराने. बायांचे घर त्या रीतीत नंतर येते, आणि ज्या बाबतीत फुल्यांचे घर पुढे गेले होते त्या बाबतीत मागे राहते. हे स्पष्ट सांगितल्यावर मग उरते ते तपासून पाहू. ज्या जातीने बहिष्कार घातला त्याच जातीच्या आत राहून त्या बहिष्काराला रोजच्या ताटाने उत्तर देणे हे वेगळे काम आहे. त्यासाठी बाहेर पडून चालत नाही, आत टिकून राहावे लागते. बायांनी ते सत्तावन्न वर्षे केले.

या परंपरेत आणखी एक घर आठवते. नगरला रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे घर. तिथेही निराधार मुलांचा राबता, तिथेही पतीच्या औदार्याचा आणि पत्नीच्या हिशेबाचा रोजचा सामना. कवी बालकवी, म्हणजे ठोमरे, त्या घरात मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण मराठी गद्याचा मानदंड म्हणून वाचतो आणि ते यथार्थ आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सावित्रीबाईंनी कविता लिहिल्या, लक्ष्मीबाईंनी आत्मचरित्र लिहिले, बायांनीही लिहिले. ज्या स्त्रियांनी घरे उघडी ठेवली त्याच स्त्रिया लिहित्या झाल्या, हा योगायोग नसावा. दारातून निरनिराळी माणसे, निरनिराळी दुःखे, निरनिराळ्या बोली घरात येतात तेव्हा ती पाहण्याची, लक्षात ठेवण्याची आणि सांगण्याची सवय लागते. आतिथ्य ही निरीक्षणाची शाळा आहे. बंद घरातली बाई सोसते. उघड्या घरातली बाई सोसतेच, पण तिला तुलना करता येते, आणि तुलना करता आली की भाषा सुटते.

म्हणून ‘माझे पुराण’ या पुस्तकाबद्दल शेवटी बोलायचे आहे. त्यांच्या सून कावेरीबाई यांनी ते संपादित केले. एका घरातून तीन आत्मचरित्रे आली. महर्षींचे ‘आत्मवृत्त’ 1915 साली, पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ 1928 साली आणि बायांचे पुस्तक 1944 साली, सर्वांत शेवटी. पहिली दोन पुस्तके संस्था उभारीत असलेल्या माणसांनी लिहिली आहेत. त्यांतला प्रत्येक शब्द वाचणारा उद्याचा वर्गणीदार असू शकतो, हे भान त्यांत असणारच. बायांच्या पुस्तकाला कुणाकडून वर्गणी मिळवायची नव्हती. म्हणून पैशाची चणचण, नवऱ्यावरचा राग, मुलांची ओढाताण, लोकांनी दिलेले अपमान हे त्यांना झाकावे लागले नाही. महर्षींविषयी त्यांच्या मनात आदर होता आणि तो त्या पुस्तकात आहे. त्याच पानांत तक्रारही आहे. इतिहासकाराला असे पुस्तक क्वचित मिळते.

आज हिंगण्याची संस्था बाया कर्वे यांच्या नावाने कर्तबगार स्त्रियांना पुरस्कार देते, ही समाधानाची गोष्ट आहे. माझी मागणी थोडी वेगळी आहे आणि ती आपल्यातल्या शिक्षकांकडे, संशोधकांकडे, संस्थांच्या विश्वस्तांकडे आहे. ही तीन पुस्तके एका वर्षात, एका वर्गात, शेजारी शेजारी ठेवून शिकवली जावीत. पॉलिसीचा प्रसंग, हिंगण्याचा प्रसंग, मुरुडचा प्रसंग एकाच वेळी तिन्हीकडून वाचले जावेत. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात निघालेल्या शाळा, वसतिगृहे, आश्रम यांचे इतिहास नव्याने लिहिले जातील तेव्हा देणगीदारांच्या यादीआधी एक प्रकरण असावे : ही संस्था सुरू होण्यापूर्वी तिची माणसे कोणाच्या घरी राहत होती, कोणाच्या हातचे जेवत होती आणि तो खर्च कोणी सोसला. कर्व्यांच्या संस्थेपुरते हे प्रकरण लिहायला लागणारे साधन 1944 सालापासून छापील उपलब्ध आहे. ते लिहायला घ्यावे, अशी माझी या सभागृहाला विनंती आहे.